डिस्चार्ज बुकातली रेघ

आमच्या गावात दगड उभा राहिला. वलगाव सोडून पुढच्या फाट्यावर आत वळलं की शाळेच्या आधी तोच दिसतो. काळा, चकचकीत, लोक स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात तसला. त्याच्या डोक्यावर सिमेंटच्या दोन बंदुका आहेत. त्यातली एक बसवतानाच मोडली, ती तशीच चिकटवून रंग मारला. मी पंधरा वर्षं बंदूक सांभाळली. नळीला बोटभर धूळ दिसली तर आमचा सुभेदार मैदानभर कोलांट्या मारायला लावायचा. इथं मोडक्या बंदुकीसमोर नारळ फोडला आणि टाळ्या वाजवल्या.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी गावातले जे लोक फौजेत होते, त्यांची नावं त्या दगडावर कोरायची होती. कोणाची कोरायची हे ठरवायला कमिटी बसली. सात जण. त्यातल्या सहांनी वर्दी फक्त टीव्हीवर पाहिली आणि सातवा होमगार्डात होता, तो गणपतीत बैलगाड्या अडवायचा. या सातांचा म्होरक्या म्हणजे माझा साळा. बायकोचा धाकटा भाऊ. शाळेतून रिटायर झालेला मास्तर, सगळं गाव त्याला गुरुजी म्हणतं आणि मीही म्हणतो, पण मी म्हणतो ते वेगळ्या आवाजात.

गुरुजींनी नियम काढला. ज्याच्या डिस्चार्ज बुकात लढाईचं मेडल नोंदलेलं असेल त्याचंच नाव दगडावर. डिस्चार्ज बुक म्हणजे फौज सोडताना हातात देतात ते लहान पुस्तक. भरती कधी झालो, नाईक कधी झालो, लग्न, लेकरं, शिक्षा, मेडलं, सगळं त्यात. माणूस मेला तरी पुस्तक जपून ठेवावं लागतं, कारण बायकोची पेन्शन त्याच्यावर चालते.

गुरुजी फटफटीवर आला, माझ्या खाटेवर बसला, चष्मा लावला आणि माझं पुस्तक चाळायला लागला. जणू मी चौथीतला पोट्टा आणि तो माझी वही तपासतोय. चौथी मी पाहिलीच नाही. दुसरीतून काढलं मला बापानं, वावरात पाणी द्यायला माणूस नव्हता म्हणून.

"भाऊजी," गुरुजी म्हणाला, "मेडलच्या रकान्यात तर रेघ आहे."

होतीच. निळ्या शाईची आडवी रेघ. मला ती चाळीस वर्षांपासून ठाऊक होती.

बायको दारात मेथी निवडत बसली होती. तिनं तिथूनच भावाला झापलं. "थे मेडलं पलटणीच्या बाबूनं खाल्ले. शंभर खेप सांगतलं तुले. तुया डोक्यात का भुसा हाये?"

"खाल्ली असतील ताई. पण कागदावर नाही, म्हणजे सरकारच्या दृष्टीनं ते घडलंच नाही."

"तुझी अक्कल कोणत्या कागदावर आहे रे गुरुजी?" मी विचारलं.

तो हसला. त्याचं हसू मोठं वाईट असतं, आधी नाकातून येतं. म्हणाला, "रागावू नका. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे. तोवर नोंद करून आणा. शेवटची एक ओळ तुमच्यासाठी कोरी ठेवतो."

कोरी ठेवतो! लढाईत मी, खंदकात मी, आणि माझ्यासाठी ओळ राखून ठेवणार हा, ज्यानं आयुष्यात खडूशिवाय काही उडवलं नाही. त्याहून राग दुसऱ्या गोष्टीचा. गावातला दुसरा एक फौजी त्या वेळी मध्य प्रदेशातल्या एका डेपोत ब्लँकेटं मोजत होता. लढाईच्या दिवसांत जो वर्दीत होता त्याला एक मेडल सरसकट मिळालं होतं, मग तो तोफेजवळ असो की गोदामात. त्याच्या पुस्तकात ते चढलं होतं. त्याचं नाव दगडावर सगळ्यात वर. त्याच्या घरच्यांनी पाहुण्यांना दाखवायला दगडाचा फोटोही मोबाइलवर घेऊन ठेवला.

माझी तीन राहिली होती. तेच सरसकटवालं एक, पश्चिमेच्या आघाडीवर होतो त्याचा स्टार, आणि स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना दिलं ते एक. मी कोणाकडं मागायला गेलो नव्हतो. पण बायको तिच्या माहेरी, नांदगाव खंडेश्वरला, पन्नास वर्षं सांगत आली होती की आमच्या माणसाची तीन मेडलं बाबूनं गिळली. तिच्या बापाला सांगितलं, चुलत्यांना सांगितलं, भावजयांना सांगितलं. आता तिचाच भाऊ माइकवर म्हणणार की कागद नाही. म्हणजे ती तरी खोटी किंवा मी तरी. ओळ भरायलाच पाहिजे होती.

गेलो अमरावतीला, सैनिकांच्या जिल्हा ऑफिसात. भिंतीवर छाती काढून सलाम ठोकणाऱ्या जवानांची चित्रं, आणि खाली तीन टेबलं, त्यातली दोन रिकामी. तिसऱ्यावर एक बाबू होता, कानात मोबाइलच्या गाण्याची बोंडं घालून. मी दोनदा खाकरलो. तिसऱ्यांदा टेबलावर पुस्तक आपटलं, तेव्हा त्यानं एका कानातलं बोंड काढलं. एकाच.

"बोला आजोबा."

मी सांगितलं. त्यानं पुस्तक उघडलं. "पार्ट टू ऑर्डरचा नंबर सांगा."

पार्ट टू ऑर्डर म्हणजे पलटणीत रोज निघायचा तो कागद. तुमच्याबाबत जे काही झालं ते त्यात छापून येतं आणि मग पुस्तकात चढतं. त्यात छापलं नाही तर तुमची बायकोसुद्धा तुमची बायको नसते. माझं लग्न त्यात छापलं गेलं, मुलगी छापली गेली, नाईक झालो ते छापलं गेलं. मेडलं नाही.

"नंबर माझ्याजवळ असता तर मी तुझ्याकडं कशाला आलो असतो?" मी म्हटलं.

"नंबर नाही तर मी शोधू कसा?"

"शोधायचा पगार कोणाला मिळतो? मला का?"

त्यानं दुसरं बोंडही काढलं. पानं उलटत गेला आणि शिक्षेच्या लाल शाईवर थांबला. "हे काय आहे? सात दिवस लाइनबंदी? कशाबद्दल?"

"हुकूम मोडला."

"कोणता हुकूम?"

"तू मेडलं शोधायला बसलास की माझी पोरगी पाहायला आलास?"

पुस्तक मी हातातून काढून घेतलं. बाबू जरा वरमला. म्हणाला, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करू, ते वाटपाचे जुने रोल, म्हणजे याद्या, पाहतील, मी अर्ज लिहून देतो, तुम्ही खाली फक्त... मी म्हटलं, मी लिहितो. तो म्हणाला, वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे. पेन घेतलं आणि बसलो. माझी अक्षरं मोठी येतात, ओळ चढते, पण माझी असतात. पाऊण तास लागला. मागं चार-पाच जण थांबले होते. त्यांनी उसासे टाकून माझी पाठ गरम केली. टाकोत. ज्यांना फौजेत लाइनीत थांबायला शिकवलं, ते रिटायर झाल्यावर बँकेत आणि रेशनच्या दुकानात पहिलं भांडण तेच करतात.

पोळा झाला, दसरा झाला. दसऱ्यानंतर हिंदीत पत्र आलं. पत्र कसलं, आरोपपत्र. लिहिलं होतं की तुमची मेडलं त्या वेळी पलटणीकडं पाठवलेली होती. वाटपाचा रोल परत आला तेव्हा तुमच्या नंबरापुढं पोहोच नव्हती. मेडलं तशीच परत गेली. ती का घेतली नाहीत हे प्रतिज्ञापत्रावर लिहा, आणि त्या वेळी हजर असलेल्या एका तरी माणसाची साक्ष जोडा.

बायकोनं विचारलं, "काय लिवलं जी?"

"साक्षीदार मागतात," मी म्हटलं. बाकीचं पत्र घडी करून ठेवून दिलं.

त्या वेळचा एकच माणूस जिवंत असल्याचं मला ठाऊक होतं, आणि तो अकोल्यात होता. एकाच खंदकात झोपलेलो आम्ही. थंडी इतकी की एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ लावून रात्र काढायची. पण त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं. मधे दोन लग्नांत भेटलो, जेवलो आणि उठलो, तेवढंच.

अमरावतीहून बस पकडली. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोहोचायला दुपार झाली. कापसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. अकोल्याबद्दल माझं मत चांगलं नाही. ऊन आमच्याहून जास्त, धूळ आमच्याहून जास्त, आणि तोंड तर विचारूच नका. पाण्याच्या आधी टोमणा देतात.

हा जुन्या शहरात पिठाच्या चक्कीपुढं खाटेवर बसला होता. चक्की आता त्याचा जावई चालवतो. अंग सुटलेलं, भुवया पिठानं पांढऱ्या. मला पाहून हललासुद्धा नाही.

"आलास बे? मले वाटलं मेला."

"तू जिता असताना मी काहून मरू?"

"बस. चहा घेतं की अमरावतीचे लोक आता चहा बी सोडून राहिले?"

त्याच्या बायकोनं चहा आणि चिवडा आणला. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "भाऊजी, वाळले तुमी." तो म्हणाला, "वाळला नाई, आधीपासून असाच हाये, निवडुंगासारखा." मी पत्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि काम सांगितलं. म्हटलं, लिहून दे की बाबूनं मेडलं खाल्ली.

त्यानं पत्र वाचलं. सावकाश. मग पोट धरून हसायला लागला. खाट करकर वाजायला लागली.

"खाल्ले? मेडल का जिलबी हाये? अबे तुयासमोर टेबलावर ठेवले होते!"

"लिहायचं आहे की नाही?"

"लिवतो ना. पण झालं थे लिवतो. तू विसरला का? का आता खरंच वाटून राहिलं तुले?"

मी चहाचा कप उचलला. खरं सांगायचं तर दोन्ही. तीच गोष्ट बायकोला सांगितली, तिनं माहेरी सांगितली, माहेरची माणसं मलाच येऊन सांगू लागली, "तुमची मेडलं खाल्ली म्हणे बाबूनं," तेव्हा मीही मान डोलावली. अशी पन्नास वर्षं मान डोलावल्यावर मूळ गोष्ट कुठल्या पेटीत ठेवली ते आठवत नाही. त्यानं ती पेटी चक्कीपुढं उघडली.

झालं होतं ते असं. लढाई होऊन दीड-दोन वर्षं उलटली होती. आम्ही छावणीत परत आलो होतो. एका सकाळी टेबल मांडलं, त्यावर हिरवं ब्लँकेट, त्यावर पुठ्ठ्याच्या लहान डब्या. टेबलामागं हेडबाबू, त्याच्यापुढं रोल आणि शाईचं पॅड. एकेकानं यायचं, रोलवर सही करायची, डब्या उचलायच्या. मी भरती झालो तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. पगाराला अंगठा लावायचो, आणि रोलवर माझ्या नंबरापुढं तशी खूण होती. पण त्या वर्षी मी फौजेच्या शाळेत बसलो होतो. दिवसभर ड्यूटी, संध्याकाळी पाटी. आठ महिने. तिसऱ्या दर्जाचं सर्टिफिकेट हातात येऊन पंधरा दिवस झाले होते. त्या पंधरा दिवसांत मी कुठं कुठं सही केली ते सांगायला लाज वाटते. बॅरेकच्या भिंतीवर, साबणाच्या वडीवर, आणि एकदा परेडच्या मैदानात बुटाच्या टाचेनं.

मी पेन मागितलं. हेडबाबूनं पॅड पुढं सरकवलं. "अंगूठा मार."

मी म्हटलं, "साहब, साइन करूंगा."

"पीछे लाइन देख. तेरी साइन में शाम हो जाएगी. मार अंगूठा."

मागं लाइन हसली. लाइनीत माझ्या पाठीमागं कोण होता? हाच, आता चिवडा खाणारा. सगळ्यात मोठ्यानं हाच हसला होता. मी पॅड उचललं आणि रोलवर पालथं घातलं. चार-पाच नंबर निळे झाले. डब्या तशाच ठेवून चालता झालो. सात दिवस लाइनबंदी, म्हणजे छावणीबाहेर पाय टाकायचा नाही, ती त्याचीच. सुटलो तेव्हा सुभेदारानं निरोप धाडला, "येऊन सही कर आणि मेडलं घेऊन जा, पेन मी देतो." मी उलटा निरोप पाठवला की बाबूनं रोल घेऊन बॅरेकमधे यावं. बाबू काही येणार होता का? महिन्यात माझी बदली झाली आणि रोल परत गेला.

"मी हसलो होतो," अकोल्यावाला म्हणाला. "त्याची माफी मी कधी मागतली नाई. आजबी मागत नाई. काहून की होतंच थे हसण्यासारखं. पण सुभेदार पेन घेऊन बसला होता, तवा तू गेला नाई. थे मात्र हसण्यासारखं नोतं. थे गाढवपण होतं."

"तू माझा साक्षीदार आहेस की त्या बाबूचा?"

"साक्षीदार कोनाचाच नसते लेका."

त्यानं नातीची वही मागवली, दोन पानं फाडली आणि सगळं लिहिलं. पॅड, सात दिवस, सुभेदाराचा निरोप, माझा उलटा निरोप, सगळं. खाली सही. त्याची सही मोठी झोकदार, तो आधीपासून सातवी शिकलेला. त्याला कोणी पॅड दाखवलं नव्हतं, म्हणून त्याला हसायला सोपं गेलं. मी कागद घेतला, चहाचा कप ठेवला आणि निघालो. त्याची बायको राहा म्हणाली. नाही राहिलो.

तो कागद जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. तिथंच राहिला. बायको विचारायची, "दिली का साक्ष त्यानं?" मी म्हणायचो, "देणार आहे." दिवाळी गेली. तुरीला शेंगा धरल्या. मी तो कागद पाठवला असता तर ऑफिसातल्या त्या बोंडवाल्यानं वाचला असता, रेकॉर्डवाल्यांनी वाचला असता, आणि कधी ना कधी गुरुजीनंही वाचला असता. मेडल देताना अंगठा मागितला म्हणून रुसून बसलेला फौजी! लढाईत चौदा दिवस न हललेला माणूस शाईच्या पॅडपुढून पळाला. मग नाव दगडावर नको, असं मी ठरवत होतो. रोज सकाळी ठरवायचो.

सव्वीस जानेवारीला मी वावरात सांभाराच्या जुड्या बांधत होतो. शहरातले लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. शाळेवरचा भोंगा वावरापर्यंत ऐकू येतो. गुरुजींचं भाषण अर्धा तास चाललं. त्यात सीमा होती, रक्त होतं, हिमालय होता. आम्ही होतो तिथं हिमालय नव्हता, वाळू होती आणि गव्हाची वावरं होती, पण गुरुजीला कोण सांगणार. मग नावं वाचली. ब्लँकेटवाल्याचं पहिलं. त्याला शाल, नारळ. शेवटी भोंग्यातून आवाज आला, "एक ओळ आपण कोरी ठेवलेली आहे. आमच्या भाऊजींचा कागद अजून रस्त्यात आहे." लोक हसले. भोंग्यातून हसणं ऐकू आलं की ते एका माणसाचं राहत नाही.

बायको समारंभाला गेली होती. भाऊ होता तिचा, जाणारच. परत आली ती धुऱ्यावरूनच, वावराच्या बांधावरूनच, बोलत आली. "मुडदा बसवला त्या बाबूचा! मेला असन तर त्याच्या तोंडात किडे पडले असतीन! माया मानसाले आज साऱ्या गावापुढं हसवलं त्यानं!"

ती शिव्या देत राहिली. मी जुडी बांधत राहिलो. ही बाई पन्नास वर्षं एका माणसाला शिव्या देत होती ज्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं, आणि हे माहीत असलेला माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला होता. मला स्वतःची शिसारी आली. गुरुजीची येते त्याहून जास्त. मी जाकिटातला कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

ती सातवी पास आहे. माझ्याहून जोरात वाचते. विहिरीच्या कठड्यावर बसून तिनं दोन्ही पानं वाचली, मग पहिलं परत वाचलं.

"म्हणजे बाबूनं काईच नाई खाल्लं."

"नाही."

"मी त्याच्या लेकराबाळायले बी शिव्या देल्ल्या जी. अन् तुमी आयकत बसले."

मी उरलेल्या जुड्या पोत्यात भरल्या.

चार दिवस ती घुश्शात होती. भाकर वाढायची, ताट जरा जोरात ठेवायची. पाचव्या दिवशी तिनं देवळीतून पेन काढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "लिवा."

"काय लिहू?"

"त्यानं लिवलं थेच. अंगठा लावत नाई, सही करतो म्हणालो, असं लिवा. त्यात लाजासारखं काय हाये? मले तर कोनी सांगतलं असतं तर मी माहेरी मिरवलं असतं. लाज वाटू द्या खोटं बोलले त्याची. थे नका लिवू, थे माया-तुमच्यातलं हाये."

"तुझा भाऊ हसेल."

"त्याले हसता कुठी येते? नाकातून सू सू करते."

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. अमरावतीला नेऊन दिलं. त्या बाबूनं दोन्ही कागद वाचले, माझ्याकडं पाहिलं, परत वाचले. म्हणाला, "आजोबा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तू एका कानानं ऐकत होतास." तरी त्यानं कागद त्याच दिवशी पाठवले, हे नमूद करतो. त्याच्या खात्यात चांगलं असं तेवढंच.

होळीच्या आधी पत्र आलं. मेडलं मंजूर. पोस्टानं घरी येतील, स्वतः घ्यावीत. पोहोच परत आली की नोंद चढेल आणि पुस्तकाचं दुरुस्त पान मिळेल. पार्सल परत आलं तर प्रकरण बंद. गुरुजी पत्र वाचून म्हणाला, "छान. पान आलं की ओळ कोरू. पण लवकर, भाऊजी. दगडवाला पाडव्याच्या आधी शेवटचं पॉलिश मारून जाणार आहे." प्रतिज्ञापत्रात काय लिहिलं ते त्यानं विचारलं नाही. बायकोनंच सांगून टाकलं, उभ्या उभ्या, मी समोर असताना. त्यानं नाकातून सू सू केलं. ती माझ्याकडं बघत होती. मी छपराकडं बघत होतो.

पार्सल आलं ते आठवड्यानं. पोस्टाच्या बाई स्कूटीवर येतात, चार गावं त्यांच्याकडं आहेत. ऊन तापलेलं होतं. त्यांनी पिशवीतून खोकं काढलं, लहानसं, सुतळीनं बांधलेलं, आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बाबाजी, सही करा."

मी खिशातलं पेन काढलं. मुद्दाम नवीन आणलं होतं.

"पेन नाही चालत. काचेवर बोटानं करायची."

"बोटानं?"

"हो. अशी." त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं.

मी म्हटलं, "कागद आणा. मी कागदावर सही करतो. मला लिहिता येतं."

"कागद बंद झाले बाबाजी. आता याच्यावरच."

"मग मी बोट लावत नाही."

त्या बाईंनी घाम पुसला. चिडल्या नाहीत, हे आणखी वाईट. म्हणाल्या, "तुमची मर्जी. मग मला 'घेण्यास नकार' टाकून परत पाठवावं लागेल. इथं तसं बटण आहे." आणि खरंच त्यांनी ते बटण मला दाखवलं.

बायको दारात उभी होती. तिनं एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो आणि पार्सल गेलं असतं. ती फक्त उभी होती, हातात भांडं घेऊन, आणि तिच्या तोंडावर मला तो सुभेदार दिसला, पेन पुढं करून बसलेला, ज्याच्याकडं मी गेलो नाही.

मी धोतराला बोट पुसलं. काचेवर टेकवलं. काच घसरते, अक्षराला धरायला काही नसतं. माझी सही मोठी आहे, अर्धी बाहेर गेली. शेवटची वेलांटी त्या बाईच्या अंगठ्यावर चढली.

"वाकडी आली," मी म्हटलं. "पुसा. दुसरी करतो."

"गेली ती," बाई म्हणाल्या आणि मोबाइल पिशवीत टाकला. खोकं माझ्या हातात आलं. पोहोच गेली म्हणजे नोंद चढणार होती, आणि गुरुजीला आता ती ओळ कोरावी लागणार होती, ब्लँकेटवाल्याच्या खाली का होईना.

बायकोनं विचारलं, "झाली का जी सही?"

"झाली. घाण झाली."

"झाली ना. मंग त्या बाईले पाणी देता का उन्हात उभी ठेवता?"

मी खोकं तिच्याकडं दिलं आणि माठाकडं गेलो.